टायरच्या आत कोन पाहाले जाते

माह्यं गाव तुमसरच्या तिकडचं, वैनगंगेच्या काठचं, नाव सांगून तुम्हाले समजनार नाई, एवढंसं गाव आहे, बाप राइस मिलमध्ये पोते उचले, माय दुसऱ्याच्या बांधीत धान लावे, अन् मी शाळेत सातवीपर्यंत गेली. आठवीची शाळा दुसऱ्या गावाले, मधात नाला, पावसाळ्यात पोरीले कोन नेऊन सोडंल अन् कोन घेऊन येईल, म्हनून बाप म्हने बस झालं. अन् मले तवा बरंच वाटलं, गनिताच्या मास्तरची लई भीती वाटे. भीतीचं तर काय सांगू तुम्हाले, मी जलमाचीच भित्री आहे. आताबी घराले कुलूप लावलं का चौकापर्यंत जाऊन परत येते अन् कुलूप ओढून पाहते, आमचे हे हासतेत, म्हन्तेत कुलूप बी तुले कंटाळलं असंल.

लगन झालं अन् रायपूरले आली, गुढियारीत, मालधक्क्याच्या मांगं एक खोली. इंजिन डब्बे जोडाले लागलं का मांडनीवरचे भांडे वाजत, मले वाटे भिंत आली अंगावर. इथं सगळे हिंदी बोलत, छत्तीसगढ़ी बोलत, मी नळावर जाऊन मुकीसारखी उभी राहो. हे लोडिंग ऑटो चालवत, सकाळी गेले का अंधार पडल्यावर येत. मले रडू यायचं पन रडाले बी कोनी वळखीचं लागते ना ताई.

मंग यांचा पाय मोडला. गोदामात पोत्याची थप्पी सरकली अन् पायावर आली. समोर दाऊचं टायरचं दुकान. दाऊ म्हनजे इकडं गावच्या जमीनवाल्या मोठ्या मानसाले म्हन्तेत, नाव कोनी घेत नाई, मीबी नाई घेत. त्या मानसानं यांले आपल्या गाडीत मांगच्या सीटवर टाकलं, सीटले पांढरे कव्हर होते, सगळे रक्तानं भरले, पन एक शब्द नाई. दवाखान्यात माह्याजवळ बसून राहिला. अन् मंग घरी येऊन म्हने, नोनी, घर में बैठ के रोने से क्या होगा, दुकान आ जा. नोनी म्हनजे लेक. इतक्या दूर कोनी मले लेक म्हनलं, ते पहिल्यांदा. ते मी विसरनार नाई, मी पुढं जे सांगून राहिली ते ऐकताना तुम्हीबी विसरू नोका, मानूस वाईट नाई.

पहिले मी नट धुवत होती, मंग टबातल्या पान्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहाचं काम, मंग हळूहळू मशीनवर आली. गिऱ्हाईक उभं राहून पाहे, म्हने, दाऊजी, बाई चक्का खोलेगी? एक भैया तर दर नटामांगं विचारे, दीदी ठीक से कसा न? मी म्हनलं भैया, घरी पोळी बी बाईच लाटत असंल, ते खाताना विचारता का ठीक से लाटी न. दाऊ खूप हासला. तवापासून मले थोडं बोलनं सुचाले लागलं.

मंग ह्या नवीन गाड्या आल्या, सेन्सरवाल्या. तुम्ही गाडी चालवता का ताई? तर ऐका. टायरच्या आत, आपन जिथून हवा भरतो त्या नळीले जोडून, एक काळी डबी असते, आगपेटीएवढी. ती हवा मोजते अन् समोरच्या पडद्यावर सांगते का कोनत्या चक्क्यात किती आहे, कमी झाली का पिवळी बत्ती लावते. त्याच्यातला सेल काही वर्सानं संपते, अन् सेल बदलता येत नाई, पुरी डबीच बदला लागते. म्हनजे चारही चक्के काढा, चारही टायर रिमवरून सोडवा. अन् तिथंच खरं काम आहे. टायर सोडवाले मशीनचं फावडं दाबते, ते फावडं डबीवर आलं का झाला चुरा, म्हनून नळी कुठं आहे ते पाहून, चक्का फिरवून, मंगच दाबाचं. नवीन डबीचा नट लई आवळला तर नळी मोडते, ढिला राहिला तर हवा जाते. तो किती आवळाचा ते हाताले समजते. कंपनीचा मानूस शिकवाले आला होता, दाऊनं मलेच पुढं केलं, म्हने ये नोनी डरती है, जो डरता है वही सँभाल के करता है. माह्या भीतीले कोनी कामाची चीज म्हनलं, तेबी पहिल्यांदाच.

डब्या बसवल्या का एक हातातली मशीन असते, ती प्रत्येक चक्क्याजवळ नेऊन गाडीले नवीन डब्यांची वळख करून द्या लागते. ती मशीन महाग, ती मातर माह्याजवळ नसे, ती गोलूच्या कपाटात कुलपात राहे.

आता गोलूचं सांगते. गोलू म्हनजे दाऊच्या बहिनीचा पोरगा, बायकोपोराचा मानूस, काळा चष्मा घालून दुकानात येनार. आपल्याकडं भाचा म्हनजे काय, मामानं कान पिळाचा अन् मंग खाऊ द्याचा. इकडं तसं नाई. इकडं मामा भाच्याच्या पाया पडते. हव, खरंच पडते. इकडचे लोक म्हन्तेत का कौसल्येचं माहेर ह्या मुलखातलं, म्हनून राम ह्या साऱ्या मुलखाचा भाँचा, अन् म्हनून प्रत्येक भाँचा रामाच्या जागी. त्याच्याकडून उष्टं उचलून घेत नाईत, त्याले रागावनं म्हनजे पाप. मले हे कुठं मालूम. गोलू नवीन आला तवा दाराच्या मधात पाय पसरून बसला होता, मी म्हनलं, ए पोट्ट्या, सरक, झाडू मारून राहिली ना. दाऊनं दोन्ही कान पकडले, माह्यासाठी आपले कान पकडले, अन् भाँच्याले हात जोडले. मले दिवसभर एकच वाटे का आता कामावरून काढतेत.

दाऊची गाठ इथंच होती. पोरगा कामचोर, हे साऱ्या गुढियारीले दिसे, दाऊले बी दिसे, पन तोंडातून शब्द काढता येत नसे. रोज सकाळी तो आला का हा पिकल्या केसाचा मानूस उठून त्याच्या पाया पडे.

मी भावाच्या लगनाले गावी गेली होती, तवा इथल्याच बूढ़ापारा मोहल्ल्यातली वर्षा दीदी गाडी घेऊन आली होती. शाळेत शिकवते ती, आपल्यातलीच, मराठी पुरं समजते पन उत्तर हिंदीत देते. तिच्या गाडीचे सेन्सर मेले होते, बत्ती लागून राही. गोलूनं नवीन चार बसवले, बत्ती गेली, ती खूश.

मंग थंडीत ती परत आली, मांगच्या सीटवर तिची आई. म्हने, शालू, जगदलपुर जा रहे हैं, माँ को भाई के पास छोड़ना है, हवा देख दे, वैसे स्क्रीन पे तो सब ठीक बता रहा है. मी गाडीकडं पाह्यलं तर मांगचा डावा टायर बसलेला. लई नाई, पन मले दिसला. अन् पडद्यावर पाह्यलं तर चारही चक्क्याचा आकडा सारखा. एकदम सारखा. ताई, चार चक्के म्हनजे चार भावंडं, एक उन्हाकडून येते, एक सावलीतून, एकावर जास्त वजन, चालत्या गाडीचे चारही एकसारखे मी कधी पाह्यले नाई. मी डाव्या चक्क्याची टोपी काढली, सुईनं थोडी हवा सोडली. पडद्यावर आकडा हालला नाई. अजून सोडली. नाई हालला. म्हनजे डबी टायरमंधात नाईच, मंग आहे कुठं?

मी डिक्की उघडली, स्टेपनी उचलली. खाली सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेला नळाचा पांढरा पाइप, दोन्हीकडून बूच चिकटवलेले, एका बुचातून हवा भराची नळी निघालेली. हालवला तर आत डब्या वाजल्या. मले समजलं. चार टायर सोडवाचं काम मोठं, अर्धा दिवस जाते, म्हनून त्यानं टायरले हात बी नाई लावला. नवीन डब्या पाइपात टाकल्या, पाइपात हवा भरली, डिक्कीत लपवला. डब्या बिचाऱ्या पाइपाची हवा मोजून सांगून राहिल्या होत्या, सब ठीक, सब ठीक. अन् टायरमंधात काय चाललं ते सांगनारं कोनीच नाई. अन् हे लोक जगदलपूरच्या वाटेवरच्या केशकालच्या घाटातून जानार.

मी पाइप पोत्यात धरून आत आली. गोलू मोबाइल पाहून राहिला होता. म्हनलं हे काय आहे. तो हासला. म्हने, सेन्सर गाड़ी में है कि नहीं? है. बत्ती बुझी कि नहीं? बुझी. टायर के अंदर कौन देखने जाता है, दीदी.

दाऊ गल्ल्यावर होता, त्यानं ऐकलं, त्याचा चेहरा उतरला, पन भाँच्याले काय बोलंल. तो उठून माह्याजवळ आला अन् हळूच म्हने, नोनी, अभी जाने दे, लौट के आएगी तो तू ठीक कर देना, मैं हाथ जोड़ता हूँ. अन् खरंच हात जोडले. ज्या मानसानं यांले उचललं त्या मानसानं. मी मशीनले धरून उभी होती. मनात एकच, काम गेलं तर काय, खोली गेली तर काय, यांचा पाय अजूनही पुरा चालत नाई. मी भित्री आहे ना, मले सारं एकदम दिसते, आपलंबी दिसते अन् घाटातलं बी दिसते.

मी म्हनलं, मराठीतच म्हनलं, रागात मले हिंदी येत नाई, दाऊ, तुम्ही यांले गाडीत घालून नेलं तवा तुमच्या गाडीचा टायर वाटेत फुटला असता तर? तुमचे उपकार माह्या चामड्यात आहेत, तुम्ही म्हनाल तर जलमभर नट धुईन. पन हे मी जाऊ नाई देनार. राम भाँचा होता हे खरं, पन प्रत्येक भाँचा राम नसते. अन् हा तुमचा भाँचा आहे, माह्या कोनी नाई, मले बोलाले पाप नाई लागत.

अन् बाहेर गेली अन् पाइप वर्षा दीदीच्या हातात देला. सांगितलं, हे तुमचे सेन्सर. आधी तिले समजेना, मंग समजलं तवा तिनं मांगं वळून आईकडं पाह्यलं. मी म्हनलं दीदी, अर्धा दिवस द्या मले, आईले आत खुर्चीवर बसवा, चारही मी आताच करते. ती म्हने, तू ही करेगी न? म्हनलं मीच.

गोलू दारात उभा राहून ऐकवत होता, अब ये चलाएगी दुकान, सातवीं पास. मी मान वर केली नाई. पाइप कापला, डब्या काढल्या. एकेक चक्का खोलला, जुनी मेलेली डबी काढली, नवीन रबर लावून नवीन बसवली, नट आवळला, हाताले इचारून आवळला. शेवटी तो डावा मांगचा टायर सोडवला तर आतून मूठभर काळा भुगा सांडला. कमी हवेवर चालून चालून टायर आतून खरडला होता, बाहेरून मातर ठीकठाक. मी तो भुगा ओंजळीत घेतला अन् नेऊन दाऊच्या समोर टेबलावर ठेवला.  दाऊनं तो भुगा बोटानं चोळून पाह्यला. मंग उठला, गोलूले म्हने, भाँचा, कपाट के चाबी. चाबी घेतली, हातातली मशीन काढली, माह्याजवळ आनून देली, अन् दीदीच्या गाडीले नवीन टायर आपल्याकडून घाल म्हने.

गाडी गेल्यावर गोलूनं सांगितलं, मामा, या ये रहेगी या मैं. मी माह्यी पिशवी उचलून तयारच उभी होती. दाऊ वाकला, भाँच्याच्या पाया पडला, दोन्ही हातानं पडला, अन् त्याच्या स्कूटीची चाबी उचलून त्याच्या हातात देली. एकबी वाकडा शब्द नाई. पाप बी नाई लागलं अन् काम बी झालं.

आता गोलूचं अभनपूर रोडवर आपलं दुकान आहे, चालते म्हन्तेत बरं. लोक मले येऊन ऐकवतेत का तिकडं काम फटाफट होते, तू दिवस लावते. म्हनलं जा मंग तिकडं, कोनं अडवलं. मी तर दिवस लावनार. भीती अजून तेवढीच आहे, उद्या दाऊचं मन फिरलं तर, असं रोज वाटते, आवळलेला नट मी परत आवळून पाहते. पन त्या दिवशी जे बोलली ते परत बोला लागलं तर परत बोलीन. वर्षा दीदीची आई घाटातून सुखरूप गेली, तिनं जगदलपूरहून मले लुगडं धाडलं. गोलूचं बी भलं होवो, लेकराबाळाचा मानूस आहे, फक्त कोनाची आई त्याच्या भरवशावर घाटात ना जावो.

अन् दाऊ? दर सनाले दाऊ नारळ अन् धोतर घेऊन अभनपूरले जाते, भाँच्याच्या पाया पडाले. रीत आहे, मोडू नोका म्हन्ते मीबी. पन निघाच्या आधी गाडी माह्यासमोर आनून उभी करते अन् म्हन्ते, नोनी, चारों देख ले, अंदर तक.