मागची गाठ

दिल्लीत आर. के. पुरमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोन नर्स चक्क मराठीत बोलत होत्या, म्हणून माझे कान तिकडे गेले.

"हेमलता, आज सत्कार कोणाचा झाला गं?"

"आमच्या इनचार्ज मॅडमचा. कोविड वॉर्डातल्या सेवेबद्दल!"

"त्या कधी गेल्या वॉर्डात?"

"एकदाही नाही, ताई. ड्यूटी त्याच लावायच्या, स्वतःचं नाव सोडून. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून सलग चार महिने मलाच पाठवलं. म्हणे, तुझ्या घरी कोण वाट बघतंय?"

"असं तोंडावर म्हणाल्या?"

"अगदी तोंडावर! आणि आज फोटोसाठी पीपीई किट घालायचं, तर परत मलाच बोलावलं. आधी गाऊन की ग्लोव्हज, एवढंही माहीत नाही!"

"मग दिलंस घालून?"

"दिलं ना. मागची गाठ चांगली आवळली, आम्ही रोज आवळायचो तशी. फोटो झाला, पाच मिनिटं नाही झाली, तर ओरडायला लागल्या. गुदमरतंय, सोड लवकर!"

"सोडलीस?"

"ड्यूटी संपली होती माझी. म्हटलं, मॅडम, घरी कोणी वाट बघत नसलं तरी बस चुकते माझी."