चारची खाच

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन उभ्या होत्या. मेकॅनिक वैतागला होता.

“ताई, महिन्यात दुसऱ्यांदा व्हॉल्व्ह जळालाय. स्पीकर किती लावता?”

“दोन होते, आठ-आठ ओहमचे.”

“दोन एकत्र जोडले की चार ओहम होतात, म्हणून स्पीकरची वायर मागच्या ‘४’ लिहिलेल्या खाचेत. बरोबर. आणि आता?”

“आता एकच. दुसरा धाकटा भाऊ घेऊन गेला. भांडून.”

“अहो, मग एकट्याला आठची खाच लागते, नाहीतर व्हॉल्व्ह जळतो! मागच्या वेळी घसा फोडून सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत.”

“मग वायर का नाही बदललीत?”

“ती त्याने लावली होती.”

“बरं. मीच लावतो आठात.”

“आणि तो परत आला तर?”

“तर पुन्हा चारात. चुटकीसरशी होतं.”

“हे त्याला फोन करून सांगाल का? माझा तो उचलत नाही.”