चाळीस पिशव्या

हसा तुम्ही, पण पिशव्या मी सोता बांधल्त्या, बराबर चाळीस. आमच्या संशोधन केंद्राच्या सायबाला नवं वाण काढायला तऱ्हेतऱ्हेची बाजरी लागते, म्हणून पिंपळगाव रेणुकाईत शांताकाकूच्या वावरात बारकी, जांभळी, वाकडी, कुसळाची कणसं हुडकली आणि शेजारचा पराग बसू नये म्हणून कागदी पिशव्या चढवल्या. काढणीला उघडून बघतो, तर चाळीसच्या चाळीस कणसं जाडजूड, एकसारखी! माझं डोकंच चालंना.

"काकू, हे असं कसं झालं?"

"भाऊ, तुमी समदी मरतुकडीच निवडल्ती. मंग मीच पिशव्या काढून चांगल्या कणसाला बांधल्या."

काकू जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "भिऊ नका. तुमच्या सायबाला मी बिलकुल सांगत न्हाई."