घर फक्त मुलाबाळांच्या कुटुंबाला

— नाही नाही बाई, बूट काढलेत ते बरं केलंत, पण नुसत्या मोज्यांवर फिरू नका, फरशी गार असते, या सपाता घाला. तुम्हाला आमची भाषा येते हे फोनवर कळलं आणि जीव भांड्यात पडला माझा. मागे एक जण आला होता, त्याच्याऐवजी त्याच्या फोनमधली बाईच बोलायची — मी तिलाही चहा विचारला. तर हे स्वयंपाकघर. शेगडी गॅसची आहे, ही भट्टी हिवाळ्यात लागते, लाकडं मी देईन. आणि हा — दचकलात? काही नाही, रणगाडा आहे. तोफ असली की पोटात जाणवतं, रणगाड्याचं नुसतं खिडकीला कळतं. तुमचेच जर्मन लोक आहेत, जंगलात सराव चाललाय. मी बशांच्या मधे कापडाचे तुकडे घालून ठेवलेत, एकही फुटली नाही अजून. वाईट एवढंच वाटतं, की आमची अळंब्यांची जागा कुंपणाच्या आत गेली. माझ्या आईने दाखवलेली जागा, आम्ही सख्ख्या शेजाऱ्यांना सांगितली नव्हती — आता तुमच्या यजमानांच्या अख्ख्या पलटणीला माहीत.

या, इकडे या, ही मुलांची खोली. फोनवर दोन म्हणालात ना, म्हणून हा वर-खाली पलंग करून घेतला. हलवून बघा, हलत नाही. वर कोण झोपेल? मोठी? वरचं मोठ्यालाच हवं असतं. आणि खिडकीतून बघा, तो झोपाळा, त्याच्याशेजारी वाळू — वाळू नदीची आहे, चाळून घेतलीय. आता तुम्ही म्हणाल एवढं कशाला? मला आपली घरात पोरं लागतात. गलका लागतो. एकटी बाई मी, भिंतींशी किती बोलणार? म्हणून आधीचे दोघे परत पाठवले. पहिला हवालदार होता, देखणा, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करतो म्हणाला — लग्न झालेलं नव्हतं, नाही म्हटलं. दुसरा तिकडे बराकी बांधतोय तो इंजिनियर. त्याला बायको होती, पण मूल नाही. मी विचारलं, विचार आहे का? तर कानापर्यंत लाल झाला. मग मी म्हटलं, विचार झाला की या.

बसा ना. हा काळा पाव, हे चीज घरचं आहे, शहाजिरं घातलंय. पूर्वेची हद्द? ती काय, सायकलवर जेवायच्या आत जाऊन येता येईल. आता जात नाही कुणी, पलीकडे सगळे मॉस्कोचंच ऐकतात. आणि राजधानीकडे, विल्नियसच्या रस्त्याला लागलात की उजव्या हाताला एक स्मारक दिसेल, गाव होतं तिथे, चव्वेचाळीस साली जाळलं, माणसांसकट. तुमच्याच लोकांनी. नाही, नाही, तुम्हाला टोचून बोलत नाहीये, रोज त्याच रस्त्याने जाणार तुम्ही, म्हटलं परक्याकडून कळण्यापेक्षा घरमालकिणीकडून कळावं. घ्या, चीज घ्या.

आम्हाला सैन्यांची सवय आहे हो. माझे आजोबा सांगायचे, युद्धाच्या तोंडाला मॉस्कोशी करार झाला होता, परस्पर मदतीचा. तेही पाहुणे म्हणूनच आले, तळ टाकले, बाजारातून दूध विकत घ्यायचे, सरळ वागायचे. पुढच्या उन्हाळ्यात घर त्यांचं आणि पाहुणे आम्ही. मी शाळेत होते तेव्हा आमच्या शेजारी त्यांचा एक मेजर राहायचा, त्याची लारिसा माझ्या वर्गात. आजी मला म्हणायची, पोरगी शाळेत घातलीय ना त्याने, मग हे काही आता जात नाहीत. नाहीच गेले. आणि जेव्हा गेले ना — तेव्हा आमची स्किर्मांते दुसरीत होती — तेव्हाही आधी पोरंच गेली. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, आई, माझ्या बाकावर मी एकटीच. मी त्याच दिवशी ओळखलं. मग बायका गेल्या, जाताना दारंसुद्धा काढून नेली, आणि उन्हाळा संपता संपता रणगाडे. म्हणून सांगते, सैन्य राहणार की जाणार हे मंत्र्याला विचारायचं नसतं, शाळेत जाऊन बघायचं असतं.

स्किर्मांते म्हणजे माझी मुलगी. ती नाही का, अंगणात कपडे वाळत घालतेय, ती. मागच्या अर्ध्या घरात राहते, नर्स आहे, तिलाही दोन पोरं. म्हटलं ना मघाशी, मी एकटी — एकटी म्हणजे, अजून नाही, पण — माझा मुलगा नॉर्वेत आहे, मासळीच्या कारखान्यात. तो तिला हिवाळ्यापासून फोन करतोय, इकडे ये, इथे नर्सा हव्यात, तिथे हद्दीवर काय करतेस पोरांना घेऊन? एक दिवस बघते तर हिने माळ्यावरून बॅगा खाली काढलेल्या. त्याच आठवड्यात वाचनालयात एका निवृत्त कर्नलचं भाषण झालं. कुणीतरी विचारलं, जर्मन येतील, पण टिकतील का? तर तो म्हणाला, एकटा शिपाई एका फोनवर परत जातो. पण त्याची पोरं इथल्या शाळेत असली, तर इकडे गोळी सुटली की बर्लिनमध्ये कुणाला झोप लागणार नाही. स्किर्मांते घरी आली, कोटही न काढता, तुम्ही बसलात तिथेच बसली आणि म्हणाली, आई, त्यांची पोरं आली तर मी थांबते. ज्या जागी ते स्वतःची पोरं ठेवायला तयार नाहीत, तिथे मी माझी का ठेवू? मी दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेले, झोपाळा सांगितला. बॅगा माळ्यावर परत गेल्या नाहीत, पण भरल्याही नाहीत, कपाटाला टेकून उभ्या आहेत. म्हणून म्हटलं, तुमची दोन पोरं इथे एकदा वाळूत खेळायला लागली, की —

तसं नाही हो बाई. तुमची पोरं मी कशाला ढाल म्हणून पुढे — देवाशपथ तसं नाही. त्यांना डोळ्यात तेल घालून सांभाळलं असतं मी. बोलता बोलता शब्द गेला तोंडातून. चहा गार होतोय.

काय? ही खोली अभ्यासिकेला? तुमच्या यजमानांच्या? आणि पोरं कुठे झोपणार?

आजीकडे. अच्छा. तिकडे जर्मनीतच, म्युन्स्टरला. म्हणजे हे आत्ता माझं ऐकून नाही ठरवलंत, आधीच ठरलेलं आहे. मग फोनवर दोन म्हणालात ते? — हो, खरंय. किती मुलं आहेत एवढंच विचारलं मी. येणार आहेत का, ते विचारलंच नाही. धाकटासुद्धा नाही? नुसता उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता? नाही, बरोबर आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही नसती आणली.

घर नाही देता येणार तुम्हाला. राग नका मानू. गुरुवारी दुसरे येतायत बघायला, जुळी आहेत म्हणे त्यांना, आता आणणार का तेही विचारून घेईन. पण एक करा. जाताना स्किर्मांतेच्या समोरूनच जावं लागेल तुम्हाला. ती विचारेल. तिला म्हणा, शाळा संपली की पोरांना घेऊन येतो. एवढंच. गुरुवारपर्यंत तिने बॅगांना हात लावायला नको. — खोटं कसं? तुमचे यजमान तरी कशासाठी येतायत इथे? आम्ही राहणार आहोत, असं हद्दीपलीकडच्यांना वाटावं म्हणूनच ना?

सपाता राहू द्या तिथेच, मी उचलीन. ती बघतेय इकडे. हात करा तिला. जरा हसून. हं. जा आता.