डाव्या पायाचं काम

उल्हास : आधी यादीतलं ते स्नॉर्कल काट. इंजिनाला पाण्याच्या वरून हवा देणारी नळी कशाला हवी?

देविका : बाबा! त्याच्यावर तर मी फिदा आहे.

उल्हास : अगं, नवी पिकअप घेऊन स्पितीला जायचंय ना आपल्याला? यमुनेत थोडीच उतरायचंय! नाल्यांना गुडघाभर पाणी असतं, सकाळी लवकर गेलं तर त्याहून कमी. त्याऐवजी टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर घे.

देविका : अच्छा, काटलं. पुढे?

उल्हास : दोन इंच जादा उंची, पोटाखाली जाड पत्रा, खडकाळ रस्त्याचे टायर, अडकलेली गाडी ओढायला विंच... आणि हे काय, मागच्या स्प्रिंगा सामान भरून बघितल्यावरच बदलायच्या? हे कुणी सांगितलं तुला?

देविका : तुम्हीच. लक्ष्मीबाई नगरला राहायचो तेव्हा तुमच्या खात्याची पिकअप रिकामी असली की कडक स्प्रिंगांमुळे मागून उडायची. मी मागे बसून हसायचे.

उल्हास : आणि ते लक्षात ठेवलंस! शाबास. तीस वर्षं सरकारी वर्कशॉपमध्ये काढली मी, एकाही इंजिनिअरनं इतकी नीट यादी माझ्यापुढे ठेवली नाही.

देविका : बस बस. आता शेवटचं, गिअर. शोरूमला आज कळवायचंय. मी ऑटोमॅटिक लिहितेय.

उल्हास : घातलंस मुसळ केरात! खोड ते. घाटात उतरताना गाडी गिअरवर धरायची असते, ब्रेकवर नाही.

देविका : लो रेंजमध्ये, म्हणजे उतारासाठीच्या हळू गिअरमध्ये, ऑटोमॅटिकही धरते. मी चालवून बघितली, अरवलीत, त्या जुन्या खाणीच्या उतारावर.

उल्हास : गुडगावच्या जाममध्ये फोनवर बोलत बसणाऱ्यांची गाडी ती.

देविका : बाबा, परवा मी विंचचं विचारायला फरीदाबादच्या मिस्त्रीकडे गेले होते.

उल्हास : मग?

देविका : तो म्हणाला, अंकलजी की क्लच प्लेट साल में दूसरी बार जली है. वर म्हणाला, दीदी, मुझे गाडी उन्होंने ही सिखाई, उनसे ऐसा हो ही नहीं सकता.

उल्हास : हल्ली माल खराब येतो.

देविका : बाबा.

उल्हास : काय बाबा?

देविका : डाव्या पायाला काही कळत नाही ना तुमच्या? टखन्याच्या खाली?

उल्हास : घोटा म्हणतात त्याला.

देविका : घोट्याच्या खाली. कमरेची नस दबल्यापासून.

(उल्हास चष्मा काढून यादीवर ठेवतात.)

उल्हास : आईला सांगितलंस?

देविका : नाही.

उल्हास : अख्ख्या कॉलनीला गाडी शिकवली मी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला डाव्या पायातली चप्पल काढायला लावायचो. क्लच पायाला कळला पाहिजे, डोक्याला नाही. आता मीच अनवाणी चालवतो, तरी पेडल किती सुटलंय ते समजत नाही. गाडी पुढे सरकली की मग समजतं. भीती वाटायला लागली होती गं. पण बोललो असतो, तर चावी गेली असती माझी.

देविका : कोण घेतंय चावी? तुमच्या डॉक्टरांशी बोललेय मी. उजवा पाय एकदम ठीक आहे म्हणाले. तरी निघायच्या आधी परत दाखवू. ऑटोमॅटिकला उजवाच लागतो.

उल्हास : म्हणजे हे माझ्यासाठी चाललंय? देविका, गाडी तुझी आहे. तुला गिअर टाकायला किती आवडतं, मला माहीत नाही का?

देविका : आवडतं. पण कुंझुम खिंडीचा उतार मला एकटीला झेपणार नाही, यार बाबा. तो खाणीचा उतार शंभर पावलांचा होता! तुम्ही कुंझुम तीनदा केलाय. तुमच्यासारखी गाडी उतरवताना मी अजून कुणाला बघितलं नाही. अर्धा रस्ता तुमचा धरूनच सुट्टी टाकलीय मी.

उल्हास : ऑटोमॅटिक कधी चालवली नाही मी. सवयीनं डावा पाय मारीन, आणि तो बसेल ब्रेकवर.

देविका : पहिले दोन दिवस सगळेच मारतात.

उल्हास : मग लिही ऑटोमॅटिक. आणि गाडी आली की पहिल्या रविवारी मला इथे दिल्लीतच, द्वारकेतल्या एखाद्या रिकाम्या मैदानात घेऊन चल. शिकव मला.