बायकांच्या पोहण्याच्या दिवशी तापलेला पंप

एकोणीसशे साठच्या सुमारास आमच्या बंगळूरच्या कॉलनीत बायकांसाठी पोहायची वेळ पहिल्यांदाच ठेवली, आणि त्याच दिवशी सकाळी तलावाचा पंप तापून बंद पडला. कॉलनीचे मॅनेजर म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

माझी बायको सुमती मला म्हणाली, "तोवर सगळ्यांच्या सासवा नाही म्हणतील. तुमच्या आई तर आत्ताच म्हणताहेत."

मी जाळी साफ केली, तरी पंप तापेच. बेअरिंग गेलं होतं. शेवटी बागेचा पंप काढून तिथे बसवला. तो छान चालला.

संध्याकाळी बायका काठावर जमल्या, पण उतरेना कुणीच. तेवढ्यात आमची आई आली. तिचं माहेर कृष्णाकाठचं. तिनं कासोटा घट्ट खोचला, सूर मारला आणि पलीकडून हाक दिली, "सुमती, ये गं. मी आहे."