तपासला तो फाटला

बाबा : म्हणजे ह्या लेबलवर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

दुकानदार : डोळे उघडे ठेवून ठेवा साहेब. ट्रिपल ए आहे. मोटरसायकलच्या कपड्यात ह्याच्यावर काही नाही. ह्याच्या खाली डबल ए, मग नुसता ए.

बाबा : आणि हे ट्रिपल ए दिलं कोणी?

दुकानदार : प्रयोगशाळेनं. कातडं काँक्रीटच्या लादीवर गरगर घासतात, भोक पडतं का बघतात. शिवण उसवेपर्यंत ताणतात. सगळं सोसलं, तरच ही तीन अक्षरं मिळतात.

बाबा : हाच सूट घासला?

दुकानदार : हा कसा घासतील? ह्या मॉडेलचा नमुना घासतात.

बाबा : म्हणजे जो तपासला तो फाटला, आणि जो माझ्या मुलीला विकताय तो तपासलेलाच नाही.

मुलगी : बाबा, पुरे आता. चौथं दुकान आहे हे. पहिल्या दुकानात म्हणालात, लेबल नुसतं छापलंय, शिवलेलं पाहिजे. दुसऱ्यात शिवलेलं होतं, तर म्हणालात धागा फार नवा दिसतो. तिसऱ्यात...

बाबा : तिसऱ्यातला माणूस फार हसत होता.

दुकानदार : मग मी हसू की नको?

मुलगी : तुम्ही मनावर घेऊ नका हो. रविवारी रेस ट्रॅकवर माझं ट्रेनिंग सुरू होतंय. सर्टिफाइड सूट नसला तर गेटवरूनच हाकलतात. आणि आमच्या मातोश्रींचा हुकूम आहे, बाबांनी बघून हो म्हटलं तरच गाडी दारातून हलेल. बाबांचं आयुष्य तपासण्यातच गेलंय ना.

दुकानदार : असं होय! काय तपासतात साहेब?

मुलगी : लिफ्ट. सरकारी इन्स्पेक्टर आहेत. बाबांनी पास केल्याशिवाय ह्या शहरात एक लिफ्ट हलत नाही.

बाबा : ते राहू दे, चिंगे. लेबलचं बोलतोय आपण.

मुलगी : दुकानात चिंगी म्हणू नका!

बाबा : लेबल शिवायला लागतं काय? एक सुई आणि एक बेशरम माणूस. सुई कुठेही मिळते.

दुकानदार : साहेब, शंका असेल तर लेबलवर प्रयोगशाळेचा नंबर आहे. फोन करा, विचारा, ह्या मॉडेलचं सर्टिफिकेट तुम्हीच दिलंय का. सांगतात ते.

बाबा : सांगणारच. ज्यानं सही केली तो काय म्हणेल, मी झोपेत केली?

दुकानदार : अहो, पण कुणावर तरी भरवसा टाकणार की नाही? तुम्ही लिफ्ट पास करता. लोक काय दोर चावून बघतात का? तुमच्या सहीवरच बसतात ना आत?

बाबा : ...तो विषय वेगळा.

दुकानदार : बरं, असं करू. उभ्यानं सूट कळत नाही. वर तिसऱ्या मजल्यावर स्टँडवर एक गाडी ठेवलीय. ताई सूट घालून तिच्यावर बसू देत, मग बघा. चला, लिफ्ट इकडे आहे.

बाबा : आम्ही जिन्यानं येतो.

मुलगी : बाबा कुठल्याच लिफ्टनं जात नाहीत. व्यायाम! आत्याच्या घरी सात मजले चढतात. आई सगळीकडे कौतुकानं सांगते, आमच्या ह्यांना पन्नाशी उलटली तरी जिन्याची हौस.

दुकानदार : कमाल आहे. लिफ्टचा साहेब आणि जिन्यानं!

(तिसरा मजला. मुलगी सूट आणि बूट घालून स्टँडवरच्या गाडीवर ओणवी बसली आहे. बाबांची धाप अजून कमी झालेली नाही.)

मुलगी : काखेत काचतंय.

दुकानदार : उभं राहिल्यावर काचणारच. आता हँडलला हात घाला. आता?

मुलगी : आता बरोबर बसतोय. अंगचाच वाटतो.

दुकानदार : हा उभं राहून मिरवायचा कपडा नाहीच. ढगळ घेतला तर पडल्यावर कोपराचं पॅड फिरून दंडावर येतं, आणि कोपर रस्त्यावर.

बाबा : सरका जरा. हात दे. वाकव. सरळ कर. हे पॅड हलतंय का? नाही. खांदा? ठीक. ही शिवण दुहेरी आहे, बरं. बगलेला एकेरी दिसते.

दुकानदार : तिथे आतून आणखी एक आहे. बोटांनी दाबून बघा.

बाबा : बघतोच आहे. गुडघा... ठीक. डावा खुबा... ठीक. उजवा... हे काय?

दुकानदार : काय झालं?

बाबा : उजव्या खुब्याचा खिसा रिकामा आहे. पॅड कुठेय?

दुकानदार : असं कसं होईल? थांबा... हां. परवा एकाला दाखवायला काढलं होतं, परत घालायचं राहिलं. चुकलंच साहेब. खाली ड्रॉवरमध्ये असणार.

बाबा : आणि लेबलवर मात्र तीन ए जसेच्या तसे.

मुलगी : बघा! म्हणून आई ह्यांना पाठवते. दुसरा कोणी असता तर मी अर्ध्या खुब्यानं ट्रॅकवर गेले असते.

दुकानदार : मानलं साहेब. वीस वर्षं दुकान चालवतोय, असं बोटांनी चाचपून बघणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही.

बाबा : पाठीला काही दिसत नाही.

दुकानदार : पाठीचं पॅड वेगळं घ्यावं लागतं. लेबल मिळवायला ते सक्तीचं नाही.

बाबा : नियम करणाऱ्यांना स्वतःला कणा असता, तर लोकांच्या पाठीची आठवण झाली असती. पाठीचंही दाखवा.

मुलगी : चला मग खाली, पॅड बसवून बघू. मला ह्या बुटांत जिना उतरता येणार नाही. मी लिफ्टनं येते.

बाबा : बूट काढ आणि जिन्यानं चल.

मुलगी : पुन्हा चढवायला कोण बसलंय? आले मी आत. अय्या, बाबा!

बाबा : काय?

मुलगी : इथे फ्रेम लावलीय. तुमची सही आहे!

बाबा : कुठली सही?

मुलगी : तुमचीच की, ती कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी. 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन दोर, ब्रेक व दरवाजे तपासले. सर्व सुस्थितीत.' ह्याच वर्षीची आहे.

दुकानदार : काय सांगता! म्हणजे साहेब, आमची लिफ्ट तुम्हीच... पण मघाशी दुकानात शिरताना तर तुम्ही मला विचारत होतात, ही गल्ली पुढे निघते कुठे म्हणून. 

बाबा : चिंगे, बाहेर ये.

दुकानदार : मी इथे रोज असतो. मला कोणी आलेलं आठवत नाही.

बाबा : बाहेर ये आधी.

मुलगी : का? ट्रिपल ए घातलंय की मी.

बाबा : ते घसरण्यासाठी आहे. कोसळण्यासाठी नाही. ये बाहेर!

मुलगी : तुम्ही तपासलीय ना ही?

बाबा : तुला कळत नाही का सांगतोय ते?

मुलगी : नाही येणार. आधी सांगा, तपासली होतीत?

बाबा : अगं, हजारो लिफ्ट आहेत ह्या शहरात आणि आम्ही तिघं इन्स्पेक्टर. टेबलावर गठ्ठे येतात. देखभाल करणारी कंपनी लिहून देते, सगळं ठीक आहे. त्यांची सही खाली, तिच्यावर आमची. सगळेच करतात.

मुलगी : घ्या, आले मी बाहेर. आता बोला. सकाळपासून चार दुकानदारांना बेशरम म्हणालात.

बाबा : ह्यांना नाही म्हणालो.

मुलगी : सुईवाला बेशरम माणूस! घरी रोज जेवायला माझ्या समोर बसतो तो. मी शाळेत सांगत होते, माझे बाबा लोकांना पडू देत नाहीत म्हणून. आणि आई तुमच्या व्यायामाचं कौतुक करत हिंडते. तुम्ही घाबरता, बाबा. तुम्ही स्वतःच्या सहीला घाबरता.

बाबा : हळू बोल.

मुलगी : आणि आम्हाला कधी अडवलं नाहीत. आत्याकडे आम्ही दोघी लिफ्टनं जायचो आणि तुम्ही जिन्यानं.

बाबा : ती लिफ्ट मी बघितली होती. आत्याची मी खरंच बघितली होती.

मुलगी : वा! नातेवाइकांची बघितली.

दुकानदार : साहेब, माझी आई चौथ्या मजल्यावर राहते. गुडघे गेलेत तिचे. दिवसातून दोनदा ह्याच लिफ्टनं खाली येते. ही फ्रेम तिनंच लावायला लावली. म्हणाली, सरकारी माणूस एवढा बघून गेला, लोकांना दिसू दे.

बाबा : आत्ता कुठे आहेत त्या?

दुकानदार : वर. आता उतरेल एवढ्यात.

बाबा : मेन स्विच कुठे आहे लिफ्टचा?

दुकानदार : तो जिन्याखाली. पण थांबा, थांबा. बंद कशी कराल? लिफ्ट नियमानं पास आहे.

बाबा : मी बंद करतोय.

दुकानदार : कशाच्या आधारावर? तुमचंच सर्टिफिकेट आहे माझ्याकडे! सर्व सुस्थितीत!

बाबा : पास आहे, हे खरं. चांगली आहे का, ते मला माहीत नाही.

दुकानदार : आणि माझं गिऱ्हाईक? हे बूट घालून माणसं चढणार कशी वर?

बाबा : उद्या सकाळी येतो. दोर उघडून बघतो. ठीक असली तर लगेच सुरू.

मुलगी : माणूस पाठवणार की येणार?

बाबा : येणार.

दुकानदार : ठीक आहे. स्विच मी काढतो. पण आईला मी सांगणार नाही. काय सांगू तिला? फ्रेम खोटी आहे म्हणून? सही तुमची, तुम्हीच सांगा. चौथा मजला, डावीकडचं दार. कानानं कमी ऐकू येतं तिला, मोठ्यानं सांगावं लागेल.

बाबा : जातो मी.

मुलगी : बाबा, आईचा फोन वाजतोय. सूटचं काय सांगू?

बाबा : खुब्याचं पॅड बसवून घे. पाठीचं घे. बगलेची शिवण आतून दुहेरी आहे, बघितली मी. सूट चांगला आहे.

मुलगी : आणि गाडी?

बाबा : ने.

मुलगी : हॅलो, आई. हो, मिळाला. हो, ने म्हणाले. नाही, ते इथे नाहीत, वरच्या मजल्यावर गेलेत, एका आजींकडे. ते घरी आल्यावर सांगतील. सूट ना? हो, त्यांनीच. नाही गं आई, सही नाही केली. बघितला.